लेकराची आणि दूरदेशच्या गोतावळ्याची पहिली भेट : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
समोरच्या काकूंनी आज गाद्या उन्हात घातल्यात. नात पहिल्यांदाच येतेय टोरांटोहून, दीड वर्षाची आहे. "माझ्याकडे येईल ना गं?" असं सकाळपासून तीनदा विचारून झालं. तेव्हापासून आमची लेक डोळ्यांसमोर आहे.

आम्ही तेव्हा नेदरलँड्सला होतो. लेक सव्वा वर्षाची असताना साताऱ्याला आणली. पहाटे मुंबईत उतरलो, खंबाटकी ओलांडून घरी पोचलो तर दारात ही माणसं! चुलत सासरे, आत्याबाई, शेजारपाजार. सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. लेकीनं एरवी घरात आम्हा दोघांनाच पाहिलेलं. तिनं जे भोकाड पसरलं! सगळ्यांचे हात पुढे आणि ती माझ्या गळ्याला घट्ट.

मामंजी तेवढे पुढे आले नाहीत. ओट्यावर शेंगा फोडत बसले होते ते तसेच बसून राहिले, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ही लांबून बघायला लागली. मग जवळ जाऊन टरफलं उचलायला लागली, मग ती टरफलं त्यांच्याच हातात द्यायला लागली. आठवडा सरायच्या आत त्यांच्या मांडीवर! सासूबाई हिरमुसल्या, कारण न्हाऊमाखू घालणं, खिमट भरवणं सगळं त्या करत होत्या. पण मामंजींचं मला फार पटलं. मूल मागू नये, येऊ द्यावं. काकूंना हेच सांगून आलेय.

इकडे येणारे, इथून तिकडे जाणारे, आजीआजोबा, सगळ्यांनी लिहा.

मेतकूट
कुकर लावलाय तोवर लिहिते. विमानात बासिनेट (बाळाचा छोटा पाळणा) हवं असेल तर तिकीट काढल्या काढल्या फोन करून मागा. मोजकीच असतात आणि वजनाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी. आणि दुसरा वाढदिवस भारतात येणार असेल तर परतीला लेकराची स्वतंत्र सीट घ्यावी लागते, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. मेतकूट नि नाचणीसत्त्व हातातल्या पिशवीत. बाकी नंतर, शिट्टी झाली.

सह्यकडा
आमचा फोनवर आजी दिसली की खिदळायचा. पुण्यात खरी आजी समोर उभी राहिली तर हा तिच्या हातातल्या फोनमध्ये आजीला शोधतोय. आईचे डोळे भरून आले.

पण व्हिडिओ कॉल वाया गेले असं मी म्हणणार नाही. न्यू जर्सीत सकाळचे आठ म्हणजे थंडीत पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, आईची दिवेलागण. ती फोन देवापुढे टेकवून ठेवायची आणि शुभंकरोति म्हणायची. गप्पा नाहीत, 'हाय कर, पापा दे' नाही. पुण्यात पहिल्या संध्याकाळी तिनं निरांजन लावलं आणि हा पठ्ठ्या न बोलावता जाऊन शेजारी बसला, हात जोडून. ओळख तिथं पटली. रोज एकाच वेळी एकच गोष्ट दिसत राहिली तर मुलं ती धरून ठेवतात, माझा यावर पक्का विश्वास बसलाय.

ओवी_ठाणे
सह्यकडा, वाचून काटा आला अंगावर 🙏

डोंबिवलीची आजी
मी पलीकडच्या बाजूने लिहिते. लेक मेलबर्नला असते. येण्याआधी तिनं यादी पाठवली. तोंडाचे पापे नकोत, साखर नको, वर्षाच्या आत मध अजिबात नको. आमच्यात बाळाला मध चाटवतात, त्यामुळे जाऊबाई रागावल्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले मधातून तान्ह्याला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, लेक बरोबर सांगतेय. मग मी यादी फ्रिजवर लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दाखवली. लेकीच्या आधी आपण सांगितलं की तिच्यावर बोल येत नाही. आजीनं एवढं करावंच. दोन वर्षांनी पाहुणी आलेली पोर, तिनं सगळ्यांशी भांडत का बसायचं?

मेतकूट
आजी, तुमच्यासारखी सासू सगळ्यांना मिळो!!

गोदातीर
आमचं उलटं. आम्ही नाशिकला, बायको जर्मनीची, फ्रायबुर्गजवळच्या गावातली. लेक अडीच वर्षांचा असताना डिसेंबरात नेला. इथं तो टीव्ही, कुकर, भावंडं अशा गलक्यात रात्री दहाला झोपणारा. तिथं साडेचारला अंधार, सातला मुलं अंथरुणात, आणि ती शांतता! त्याला शांततेनंच झोप येईना. शेवटी पंखा शोधला. कडाक्याच्या थंडीत पंख्याची घरघर लावून झोपवला.

ओमा, म्हणजे त्याची तिकडची आजी, मितभाषी बाई. इथल्यासारखं उचलून मुके घेणं नाही. माझ्या आईनं फोनवर विचारलंच, "माया करतात ना रे त्याला?" करत होत्या की. तिकडे नाताळाआधी चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर असतं, रोज एक उघडायची. सकाळी त्या त्याला उचलून खिडकीपर्यंत न्यायच्या, तो उघडायचा, आतलं चॉकलेट दोघं अर्धं अर्धं खायचे. दुपारी बिस्किटांच्या पिठावर साचे दाबायला शेजारी स्टुलावर उभा करायच्या. सारवलेल्या अंगणासारखं ते स्वयंपाकघर, नि हा सगळीकडे पीठ सांडतोय, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मायेच्या रीती घरोघरी वेगळ्या, हे आईला समजवायला मला बराच वेळ लागला.

रानजाई
लसींचं कुणी लिहिलं नाही म्हणून. अमेरिकेत गोवराची एमएमआर एरवी वर्ष झाल्यावर देतात, पण परदेशी निघालेल्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला आधी एक डोस द्यायला सांगतात. तो धरला जात नाही, पुढचे दोन घ्यावेच लागतात. निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. पावसाळ्यात येत असाल तर मच्छरदाणी हवीच, डेंग्यूचे डास दिवसाही चावतात. जमलं तर पहिले तीन-चार दिवस भेटायला कुणाला बोलवू नका, रात्री दोनला जागं झालेलं मूल सकाळी दहाला पाहुण्यांपुढे हसणार कसं?

ओवी_ठाणे
ओसीआय कार्डाचं (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) कुणी सांगाल का? भावाच्या मुलीचा पासपोर्ट बदललाय.

रानजाई
विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन अपलोड करायचा, पैसे पडत नाहीत. नवं कार्ड काढायची गरज नाही.

माजघर
धागा दोनदा उघडून बंद केला. लिहिते.

मुलगा २०२० च्या एप्रिलमध्ये झाला, लंडनला. मार्चमध्येच विमानं बंद झालेली. बाळंतपणाला आईबाबा येणार होते, व्हिसा हातात होता. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला सुरू झाली, तोवर बाबा गेले होते.

आम्ही मे महिन्यात गेलो कुडाळला. घरात सगळे त्याच्याकडे बघून रडायचे, तो बावरायचा. आत्यानं त्याला उचललं आणि सरळ मागे बाबांच्या कलमांकडे नेलं. हापूस उतरवणं चालू होतं. गड्यानं झेल्यानं काढलेला आंबा ती त्याच्या हातात द्यायची, तो टोपलीत ठेवायचा. दिवसभर तेच. कोण आजोबा, कुठे आजोबा, तिनं काही सांगितलं नाही. आता काही वर्षं उलटली, अजून कुडाळ म्हटलं की "आजोबांच्या बागेत" म्हणतो, ते त्याचं त्यानंच जोडलं. मला त्याचं फार समाधान आहे.

डोंबिवलीची आजी
बाळ, तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग.

सह्यकडा
माजघर, काही सुचत नाही लिहायला. आमचीही २०२० मध्ये काका गेले तेव्हा अशीच तगमग झाली होती.

चिंचगुळ
आम्ही जानेवारीत येतोय लीड्सहून. सासूबाईंना बोरन्हाण करायचंय, लेक चौदा महिन्यांची. बोरं डोक्यावरून ओतायची म्हणजे घशात अडकायची भीती वाटते. आणि अनोळखी बायका, आवाज, रडली तर?

मेतकूट
कर गं नक्की! बोरं नि उसाचे करवे ओतायच्या आधी बाजूला काढ, नुसते चुरमुरे ओत. जमलेली मोठी मुलं बोरं नंतर खातील. तिला पाटावर एकटी बसवू नकोस, कुणाच्या तरी मांडीवर बसव. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणजे आल्या आल्या घाई नको. घर ओळखीचं झालं की शेवटच्या आठवड्यात ठेव.

कृष्णाकाठ
चिंचगुळ, आणि सासूबाईंना विचार, आधी दोन दिवस चुरमुऱ्यांचं पातेलं तिच्यापुढे खेळायला ठेवाल का म्हणून. चिवडू दे, सांडू दे.

चिंचगुळ
हे आवडलं, आजच फोन करते. हलव्याचे दागिने पुण्यात कुठे मिळतील? दादर लांब पडतं.

ओवी_ठाणे
तुळशीबागेत. संक्रांतीच्या आधी गेलीस तर हवं ते मिळेल, नंतर उरलंसुरलं असतं. परत नेणार असशील तर हवाबंद डब्यात ठेव, दमट हवेत हलव्याला पाणी सुटतं.