नोंद सापडली नाही म्हणजे माणूस परतला नाही, असं होत नाही

'सरकारी मदत घेणाऱ्यांच्या प्रवासाची नोंद जुळवली की खोटे लाभार्थी आपोआप गळतात,' या मताशी मी सहमत नाही.

ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये नेमकं हेच केलं. मुलांचा भत्ता घेणारं कुटुंब आठ आठवड्यांपेक्षा जास्त परदेशी राहिलं का, हे प्रवासाच्या नोंदींवरून ठरवलं आणि सुमारे २३,५०० कुटुंबांना भत्ता थांबवल्याची पत्रं गेली. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधले काही लोक तिथल्या बेलफास्टहून विमानाने जातात, परतताना शेजारच्या आयर्लंड देशात डब्लिनला उतरतात आणि रस्त्याने घरी येतात. त्या सीमेवर तपासणीच नाही, मग परतल्याची नोंद कुठून येणार? कागदावर ते परदेशातच राहिले.

आपल्याकडे लाडक्या बहिणीसाठी चारचाकीची नोंद बघतात. सोलापुरात माझ्या मावशीचे १५०० रुपये त्यातच थांबले. काकांनी जुना टेम्पो कधीच विकलाय, पण घेणाऱ्याने नाव बदललं नव्हतं. मावशी विड्या वळते. प्रत्येक हेलपाट्याला तिची दिवसाची मजुरी बुडाली, आणि गाडी आपली नाही हे तिनेच सिद्ध करायचं!

तपासणी जरूर करा. पण पैसे थांबवायच्या आधी अंगणवाडी सेविकेला घरी पाठवा, महिनाभराची मुदत द्या.