मदत हवी आहे: बेंचवरच्या खेळाडूचे आकडे कसे वाचायचे? (कॉलेज बास्केटबॉल, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा इथे अमेरिकेत डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज स्पर्धेतल्या तिसऱ्या गटाच्या) एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, टीममध्ये राखीव फॉरवर्ड (बास्केटजवळ खेळणारा). सीझन संपल्यापासून घरात एकच विषय चालू आहे. त्याला ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकायचंय. "मला मिनिटंच मिळत नाहीत, आई," हे तो रोज म्हणतो. मी स्वतः नागपूरला कॉलेजपर्यंत खेळले आहे, त्यामुळे बेंचवर बसून राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच नुसती समजूत काढून त्याला गप्प करायचं नाहीये.

आकडे असे: टीमच्या २५ मॅच झाल्या, हा १४ मध्ये उतरला. एकूण ११२ मिनिटं, ३४ पॉइंट, २९ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), २८ फाऊल. कॉलेजच्या साइटवर सरासरी ८ मिनिटं दिसते, कारण भागाकार खेळलेल्या मॅचनेच होतो. ज्या ११ मॅच तो नुसता बसून होता, त्या त्यात धरलेल्याच नाहीत.

त्याचा हिशोब ४० मिनिटांचा आहे. पूर्ण मॅच मिळाली तर १२ पॉइंट, १० रिबाऊंड. गणित बरोबर आहे. पण त्याच गणिताने फाऊल १० होतात, आणि पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर. दर चार मिनिटांना एक फाऊल म्हणजे पहिला वीस मिनिटांचा हाफ संपतानाच त्याची मॅच संपली. हे त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी चौदाही मॅचचं प्ले-बाय-प्ले (मिनिटागणिक नोंद) काढून, वही घेऊन बसले. तीन रात्री लागल्या. ११२ पैकी ७१ मिनिटं अशी निघाली, की स्कोअरमध्ये वीसपेक्षा जास्त फरक होता आणि दोन्हीकडचे मुख्य खेळाडू बसलेले होते. चुरशीच्या वेळी तो फक्त ४१ मिनिटं कोर्टवर होता, म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये जेमतेम एक मॅच! त्यात त्याचे ७ पॉइंट, ११ रिबाऊंड, १२ फाऊल. पण त्याच ४१ मिनिटांत टीम ६ पॉइंटनी वर राहिली. व्हिडिओ बघितला तर तो स्क्रीन नीट लावतो (बचाव करणाऱ्याची वाट अडवतो), बॉक्स-आउट करतो (रिबाऊंडसाठी समोरच्याला मागे रोखून धरतो), त्यामुळे बॉल आपल्याच टीममधल्या दुसऱ्याच्या हातात पडतो. आकड्यांच्या शीटवर यातलं काहीच येत नाही. फाऊल मात्र बहुतेक एकाच प्रकारचे आहेत: समोरचा गार्ड (बॉल हाताळणारा खेळाडू) ड्राइव्ह करून, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी मारत, आत आला की हा पाय हलवायच्या आधी हात खाली आणतो.

तो मला डेव्हिन बुकरचं उदाहरण देतो. २०१४-१५ मध्ये केंटकी या कॉलेज टीमकडून एकदाही स्टार्ट न करता (सुरुवातीच्या पाचांत न येता) तो एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, १३वा गेला. खरं आहे, पण बुकरला मॅचला २१ मिनिटं मिळत होती आणि त्या टीममधले सहा जण त्याच ड्राफ्टमध्ये निवडले गेले. मला गोन्झागा कॉलेजचा झॅक कॉलिन्स जास्त जवळचा वाटतो. तोही बेंचवरून यायचा, साधारण १७ मिनिटं खेळायचा, आणि २०१७ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या फायनलमध्ये उत्तम खेळत असताना पाच फाऊल होऊन बाहेर गेला. अर्थात ही दोन्ही मुलं फार वरच्या पातळीवरची. माझ्या मुलाचं एनबीएचं स्वप्न नाही, त्याला फक्त खेळायचंय.

इथे कुणी कोचिंग केलं असेल किंवा ज्यांची मुलं या पातळीवर खेळली असतील, त्यांनी कृपया सांगा:

४१ मिनिटांतल्या त्या +६ ला काही अर्थ आहे का, की तो सोबतच्या चार जणांचा गुण? बास्केटजवळ खेळणाऱ्या राखीव, उंच खेळाडूचे फाऊल उन्हाळ्याच्या सरावात खरंच कमी होतात का, आणि कशाने? नवीन कॉलेजचा कोच असे आकडे बघून काय म्हणेल?

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, त्यामुळे कॉलेज बदललं तर फी आणि क्रेडिट्स दोन्हीचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात तो स्वतः कोचला भेटणार आहे, मी मध्ये पडणार नाही. त्याने तिथे नेमकं काय विचारावं, एवढं जरी कुणी सुचवलंत तरी फार मदत होईल.