मदत हवी आहे: मामाजींना लकवा मारला, आता गावात बीपी मोजायची सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांब होईल, पण पूर्ण वाचून उत्तर द्या, ही विनंती.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, वय ६३. यंदा रोवणीत त्यांना लकवा मारला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. बांधीत बाया रोवत होत्या आणि मामाजी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकून देत होते. उजव्या हातातली पेंढी पडली. उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा डाव्या हाताने उचलली आणि सासूबाईंना काही सांगायला गेले, तर तोंडातून नुसता घोगरा आवाज. ओठ उजवीकडे लोंबलेला. बायांना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी पाजलं, ते गळ्याखाली उतरलं नाही, जोरात ठसका लागला.

मी अंगणवाडीतून धावत आले तोवर घरी माणसं जमली होती. मोठे मामाजी म्हणाले, "वारं गेलं हाय, तेल चोपडा." मग शेजारच्या गावात जडीबुटी देणाऱ्याकडे नेलं. तिथे काढा झाला, तेल झालं, कबुतराचं रक्तसुद्धा चोळलं. मी त्याच गाडीत होते. मी एक शब्द बोलले नाही, कारण मलाही दुसरं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराला सरकारी दवाखान्यात पोचलो. बीपी निघालं २१०/१२०. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि सीटी स्कॅन व्हायला संध्याकाळ झाली. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कितीला सुरू झाला? मी म्हटलं, काल साडेनऊला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही एक दिवस आणि एक रात्र घालवली होती.

त्याहून जास्त मला दुसरीच गोष्ट खाते आहे. घरी आल्यावर सातबाऱ्याचे कागद शोधताना पेटीतल्या बिस्किटाच्या डब्यात गोळ्यांची एक पट्टी सापडली. दहांतल्या चार गोळ्या तशाच. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं होतं, तेव्हा मामाजींचं बीपी १७० निघालं होतं. महिनाभर गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, बंद केल्या. "मले का झालं हाय? गोळी कायले खाऊ?" हे त्यांचं वाक्य मला आठवतं. आमच्या घरात कुणीच त्यावर बोललं नाही. मी दर महिन्याला गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन करते, वहीत टिपून ठेवते. आणि ज्या घरात राहते तिथल्या म्हाताऱ्याचं बीपी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

दिवसाला चार खर्रे (घोटलेली सुपारी-तंबाखू), जेवणात रोज सुकट नाहीतर मिठाची मिरची. हे आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. आणखी एक सांगते. रोवणीच्या आठ दिवस आधी चहाच्या टपरीवर त्यांच्या हातातून कप सुटला होता. दहा-पंधरा मिनिटं हात सुन्न होता, मग ठीक झाला. आम्ही समजलो हात अवघडला असेल.

आता धान कापणीला आलं आहे, चार महिने झाले. मामाजी काठी आणि आधार घेऊन ओट्यापर्यंत चालतात. उजवा खांदा फार दुखतो. बोलणं म्हणजे फक्त "हाव". भूक लागली तरी हाव (हो), नको असेल तरी हाव. समजतं सगळं, डोळ्यांतून दिसतं. पण संध्याकाळी मंदिरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तेव्हा ओट्यावर बसून तिच्या ओळी ते आमच्यासोबत म्हणतात! शब्द जवळजवळ स्पष्ट. प्रार्थना संपली की परत हाव. हे कसं होतं? आणि ह्याचा उपयोग करता येतो का?

खांद्यासाठी घरी काय करावं, हेही सांगा. आणि तिसरी मदत गावासाठी. आमच्या गावात गेल्या पाच-सहा वर्षांत लकव्याने अंथरूण धरलेली माणसं मी बोटांवर मोजली, हात पुरले नाहीत. मला दर रविवारी अंगणवाडीच्या ओट्यावर बीपी मोजायचं आहे. मशीन कोणती घेऊ? मी नर्स नाही, मी हे करावं का? आणि पुन्हा असं काही झालं तर मूलकडच्या माणसाने पेशंट थेट कुठे न्यायचा?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, भंडारा)

ताई, खांद्याचं आधी. उठवताना त्यांचा उजवा हात धरून कुणी ओढतं का? बहुतेक घरांत हेच होतं. लुळ्या हाताचे स्नायू खांद्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, त्यात आपण ओढतो. आजपासून हात ओढणं बंद. उठवायचं तर कमरेला आणि पाठीला आधार देऊन. बसले असताना हाताखाली उशी, झोपताना खांद्याखाली घडी केलेली चादर, हात लोंबकळता नको. डाव्या हाताने उजवा हात धरून जेवढा दुखत नाही तेवढाच वर न्यायला लावा, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहादा. डोक्याच्या वर जबरदस्तीने नेऊ नका.

चार महिनेच झालेत. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. नंतर ती थांबत नाही, पण वेग कमी होतो. म्हणून कापणी आटोपल्यावर पाहू, असं करू नका. एकदा फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा आणि व्यायाम घरातल्या दोघांनी शिकून घ्या. दोघांनी, कारण एकट्या सुनेवर पडलं की महिन्याभरात बंद पडतं.

प्रार्थनेचं तुम्ही अगदी बरोबर टिपलंत. मनातलं नवीन वाक्य जुळवून बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूचा डावा भाग करतो, आणि उजवं अंग गेलं म्हणजे मार डाव्या भागाला बसला आहे. वर्षानुवर्षं पाठ असलेलं, चालीवर म्हटलेलं मात्र शाबूत राहू शकतं. वारांची नावं, एक ते दहा अंकही असेच निघतात, करून पाहा. उपयोग होतो. "पाणी दे", "भूक लागली" असे दोन-तीन शब्द प्रार्थनेच्या चालीत, हाताने ताल धरून, त्यांच्यासोबत म्हणा. त्यांच्याऐवजी नाही, सोबत. आणि प्रश्न असा विचारा की हाव-नाही वर अडणार नाही: ताट आणि तांब्या दोन्ही समोर धरा, बोट दाखवू द्या. तरी स्पीच थेरपिस्टला पर्याय नाही.

प्रतिसाद

ताई, आमच्या काकांना जडीबुटीनेच गुण आला होता. तिसऱ्या दिवशी हात हलला. सरसकट नावं ठेवू नयेत.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, गडचिरोली जिल्हा)

वरच्या भाऊंना राग येऊ नये म्हणून सांगते. काही लकवे काहीही न करता थोडे सुधारतात. त्या दिवसांत जो समोर असतो त्याला श्रेय मिळतं. काका बरे झाले, आनंद आहे. पण ज्यांचे झाले नाहीत ते इथे लिहायला येत नाहीत. आमच्या जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने ८६ गावांत दोन वर्षं, २०११ ते २०१३, प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने, म्हणजे जवळपास सात माणसांत एक. कोणत्याही एका कारणाने गेलेल्यांत हा आकडा सगळ्यात मोठा. आणि त्या लकव्याच्या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरीच झाले. ही शहरातली आरामाची बिमारी आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना हे वाचून दाखवा.

मोजण्याबद्दल. तुम्ही जरूर करा, पण गोळी देऊ नका, निदानही सांगू नका. मोजा, लिहा, आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा. ३० वर्षांवरच्यांची बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या तिथे मोफत आहेत. त्यांना आणि आशाताईंना आधी सांगा, म्हणजे तुमचा उपक्रम वेगळा पडणार नाही.

मशीन दंडावर पट्टा बांधायची घ्या, मनगटाची नको. माणसाला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीवर, पाय एकावर एक नको, दंड छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणा. अर्ध्या तासात खर्रा, चहा, बिडी झाली असेल तर थांबवा. तुमच्या गावात हाच नियम सगळ्यात जड जाईल. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. एका दिवशी १४० च्या वर आलं म्हणून घाबरवू नका, वेगळ्या दिवशी परत बोलवा. १८०/१२० च्या वर आलं तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी असं काही असेल तर मोजत बसू नका, गाडी बोलवा.

मोजणं सोपं आहे हो, गोळी चालू ठेवणं अवघड. बीपीला दुखत नाही, म्हणून माणूस स्वतःला बरा समजतो. तुमच्या मामाजींनी काही वेगळं केलं नाही, माझ्या नोकरीत मी असे शेकडो पाहिले. भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत बीपी नियंत्रणाचा सरकारी उपक्रम झाला, त्यात मुख्य भर ह्यावरच होता: प्रत्येक पेशंटचं कार्ड, ठरलेल्या गोळ्या, एका वेळी महिन्याच्या, आणि तारखेला जो आला नाही त्याला फोन. तुम्ही वजनाच्या वहीत गळालेलं लेकरू जसं शोधता, अगदी तसंच.

कप सुटला होता ना, तो धोक्याचा इशारा होता. काही मिनिटांत बरं होणारा लकवा हा मोठ्या लकव्याच्या आधी येऊ शकतो. असं झालं की बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना. हे गावात प्रत्येक सभेत सांगा.

पेशंट कुठे न्यायचा, हे इथून कुणी सांगितलं तरी विश्वासू नका. सीटी स्कॅन रात्री चालू असतं का आणि ते इंजेक्शन देतात का, हे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे स्वतः फोन करून विचारा आणि भिंतीवर लिहून ठेवा. १०८ ला सांगतानाच "लकवा" म्हणा आणि सुरू झाल्याची वेळ सांगा. तोंडाने पाणी, काढा, गोळी काही नाही, एका कुशीवर झोपवून न्या. घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, आणि रक्त पातळ करायची गोळी स्कॅनआधी नाही, कारण नस फुटली असेल तर तीच मारते.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कापणी होती.

मशीन आली. यांनी आणि भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) मिळून पैसे दिले. आरोग्य अधिकारी मॅडम पहिल्या रविवारी स्वतः आल्या आणि मला चारदा करून दाखवलं. माणसं थोडीच आली. दुसऱ्या रविवारी जास्त, कारण मामाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. लोक त्यांच्याकडे पाहतात आणि हात पुढे करतात. खर्रा खाऊन आलेल्यांना अर्धा तास थांबवते, तेव्हा कुरकुर होते, पण थांबतात. तेवढ्या वेळात मी कप सुटल्याची गोष्ट सांगते.

एक लिहायलाच हवं. रांगेत कुणी नव्हतं म्हणून सरावासाठी सासूबाईंचं मोजलं. १६८/१००. दुसऱ्या दिवशी परत, १६४. चार महिने त्या मामाजींना उठवतात, धुतात, भरवतात, आणि त्यांचं कुणी पाहिलं नव्हतं. गोळी सुरू झाली आहे. पट्टी डब्यात ठेवू दिली नाही, चुलीमागच्या खिळ्याला टांगली आहे, आणि रोज गोळी घेतली की कॅलेंडरवर टिंब काढायचं काम मामाजींकडे, डाव्या हाताने.

भाऊ, ज्यांनी जडीबुटीचं लिहिलं, तुमच्यावर राग नाही. मीही गेले होते त्या गाडीत. फक्त साडेचार तासांच्या आत आधी दवाखाना, मग ज्याला जिथे जायचं तिथे, एवढं तुमच्या गावात सांगा.

खांद्याचं दुखणं कमी आहे. "पाणी" हा शब्द चालीवर म्हणताना निघतो, नुसता अजून निघत नाही.

स्पीच थेरपीचं मात्र अडलं आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात अलीकडे कुणी लकव्याच्या पेशंटला त्यासाठी नेलं आहे का? किती दिवसांनी बोलावतात, आणि मधल्या काळात फोनवर व्हिडिओने करून घेतात का? दर आठवड्याला गाडी करणं आम्हाला जमणार नाही, महिन्यातून एकदा जमेल.