पोचर म्हणजे पारधी नव्हे

विषय: दिवाळी अंक, मुलांचं पान, एक शब्द अडलाय

मंडळी, नमस्कार.
सुट्टीत ठाण्याला आजीकडे असताना लेकीने तिथल्या येऊरच्या जंगलावर इंग्रजीत लेख लिहिला, तो मराठीत आणतेय. वनखात्याच्या माणसाने तिला स्कूटरच्या क्लच-वायरचा फास दाखवला. गाठ अशी की जनावर जितकं ओढेल तितकी आवळते. असा फास लावून चोरून शिकार करणारा तो इंग्रजीत 'पोचर'. मी 'पारधी' केलंय, चालेल ना? आणि लेक विचारतेय, पोच्ड एगशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर:
अगं, लेकीला शाबासकी दे. संबंध आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'पोश' म्हणजे पिशवी. अंडं फोडून उकळत्या पाण्यात सोडलं की पांढऱ्याची पिशवी होऊन बलक आत बसतो. पॉकेट, पाउच त्याच घरातले. चोरून मारलेला ससा पिशवीत टाकणारा तो पोचर, असं बरेच जण मानतात. काही जण मात्र 'खुपसणे' या अर्थाच्या धातूकडे जातात.

पण 'पारधी' कृपा करून काढ. पारध हा जुना शब्द. बाराव्या शतकातला हेमचंद्र प्राकृत 'पारद्धी' संस्कृत 'पापर्द्धी'वरून लावतो, म्हणजे पापाची भरभराट! फासे लावणारे ते फासेपारधी. इंग्रजाने पिशवीवरून नाव ठेवलं, आपण फासावरून. फरक एवढाच की पोचर हा गुन्हा आणि पारधी ही जमात. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही आले. तो कायदा १९५२ त गेला, शिक्का अजून पुसला नाही. आपल्या अंकात पोरीच्या नावाने तो पुन्हा नको.

साधं 'शिकारी' लिही. इंग्लंडात जमीनदाराची शिकार कायदेशीर, कुळाची चोरटी, म्हणून त्यांना वेगळा शब्द लागला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीलाच जवळजवळ बंदी. 'येऊरला शिकारी पकडले' एवढं वाचलं की इथे पाचपाखाडीत कुणी 'चोरटे का?' असं विचारत नाही.
– काका (मुक्काम ठाणे, जानेवारीपर्यंत)

उत्तर:
काका, टेनिस डबल्समध्ये पार्टनरचा चेंडू मध्येच ढापतात, तेही पोचिंगच. फुटबॉलात गोलपाशी दबा धरून बसणारा पोचर. आणि दुसऱ्या कंपनीची माणसं पळवणं? आपल्याकडे याला 'फोडणं' म्हणतात, पण तो मान आमदारांचा.

उत्तर:
काका, 'पारधी' काढलं, 'शिकारी' केलं. लेकीचा पुढचा प्रश्न: आजीच्या पातेल्याला पडलेला 'पोचा' यातलाच का?

उत्तर:
नाही गं, तो आपला घरचा. आजीला म्हणावं, पातेलं कल्हईवाल्याकडे दे, ठोकून देईल.