मदत हवी आहे: जुना फोटो १२ बाय १८ ला छापायचाय, पण मोठा केला की पिक्सेल फाटतायत

नमस्कार मंडळी. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यासाठी आजी-आजोबांचा लग्नातला फोटो १२ बाय १८ इंचात फ्रेम करायचाय. मूळ प्रिंट ४ बाय ६ ची, नाशिकला आत्याकडे. तिने मोबाईलवर टिपून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, ती १०६६ बाय १६०० पिक्सेलची आली. म्हणजे १८ इंचांत इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल, आणि हवेत ३००. अप्पा बळवंत चौकात नमुना काढून पाहिला, तर आजीच्या नथीचे मोती चक्क चौकोनी!

गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्केल इमेज' करून लांबी ५४०० पिक्सेल केली. फाइल फुगली, नथ मात्र नुसती धूसर झाली. साहजिक आहे म्हणा, नसलेला तपशील येणार कुठून? एआयवालं अ‍ॅपही वापरून पाहिलं. त्याने आजोबांच्या जागी भलताच नवरदेव उभा केला.

आता आत्या मूळ प्रिंट पुण्यात आणतेय. आकार तिप्पट करायचाय, तर ९०० डीपीआयला (इंचाला ९०० ठिपके) स्कॅन पुरेल ना? कागद खरखरीत, सिल्क फिनिशचा आहे; त्याची जाळी स्कॅनमध्ये उठते, ती कशी घालवायची? की कॅमेऱ्याने फोटो काढणंच बरं? पेठांमध्ये किंवा कोथरूडला कुणी नीट स्कॅन करून देत असेल तर कृपया सांगा.