नवीन चेन घातल्यावर चढावर गिअर उसळतो : कॅसेट बदलावी की आणखी काही तपासावे?

मुरूमवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो. माझ्याकडे 29 इंची चाकांची, पुढे शॉक असलेली आणि मागे शॉक नसलेली एमटीबी (डोंगरी सायकल) आहे. पुढे दोन चक्रे आणि मागे नऊ गिअरची 11-34 कॅसेट (मागच्या चाकावरील 11 ते 34 दात्यांच्या चक्रांचा संच) अशी तिची रचना आहे. सुटीच्या दिवशी यवतेश्वरमार्गे कासकडे किंवा ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर मी ती चालवतो, आणि पावसाळ्यातही त्यात खंड पाडत नाही. पंक्चर काढणे, चाकाचा आऊट काढणे, गिअरची तार बदलणे एवढी कामे घरीच करतो. त्यापुढची कामे शिकायची आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

सायकल घेतल्यापासून चालू असलेली मूळ चेन या महिन्यात काढून मी नवीन चेन घातली. तेव्हापासून चढावर उभे राहून जोर लावला की मधल्या तीन गिअरवर चेन दात्यांवरून उसळते आणि पॅडल क्षणभर पोकळ पडते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चक्रावर मात्र असे होत नाही, आणि सपाटीवर गिअर अगदी व्यवस्थित बदलतात. शिवाय पॅडल मारताना खालून कर्र असा आवाज येतो, आणि पाऊस पडून गेला की डिस्क ब्रेक दूरवर ऐकू जाईल एवढे किंचाळतात. सायकल दुकानात दाखवली तेव्हा कॅसेट, पुढची चक्रे, बीबी (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग) आणि ब्रेक पॅड हे सगळेच बदलावे लागेल असे सांगण्यात आले. खर्च करायला माझी हरकत नाही, परंतु यांतले खरोखर काय झिजले आहे हे मला स्वतः पडताळून पाहायचे आहे. ते घरच्या घरी कसे पाहावे?

पाना_पंधरा

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की अर्धे निदान त्यांतच आले आहे. चेन सर्वच गिअरवर उसळत असती तर मी प्रथम तारेचा ताण आणि डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, तपासायला सांगितले असते. ठरावीक फेऱ्यांनंतर एकदाच उसळत असती, तर चेनची एखादी लिंक अडकलेली आहे का ते पाहायला सांगितले असते, कारण पुढे 36 दात्यांचे चक्र आणि साधारण 114 लिंकांची चेन असेल तर एकच लिंक पॅडलच्या सुमारे सव्वातीन फेऱ्यांनी पुन्हा त्याच जागी येते आणि तो ठेका सहज ओळखू येतो. आपल्याकडे मात्र फक्त मधल्या, म्हणजे 17, 20 आणि 23 दात्यांच्या चक्रांवर, आणि तेही जोर लावल्यावरच हे घडते आहे. घाटात आपण सर्वाधिक वेळ याच चक्रांवर असणार. तेव्हा ती तीन चक्रे झिजली आहेत असे मानायला भरपूर आधार आहे.

याचे कारण असे की चेन रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या पिना आणि पिनांभोवतीची आतली बाजू झिजते, आणि त्यामुळे प्रत्येक लिंकमधले अंतर किंचित वाढते. नव्या चेनमध्ये लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी असते. जुनी चेन वाढत गेली तसे कॅसेटचे दातेही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे खात गेले. आता बरोबर मापाची नवीन चेन त्या दात्यांवर बसवली की तिचा भार एक-दोन दात्यांवरच येतो आणि जोर वाढला की ती दात्याच्या पाठीवर चढून पुढे सरकते.

जुनी चेन फेकली नसेल तर ती स्वच्छ करून खिळ्याला टांगा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरल्यावर चोविसावी पिन नव्या चेनमध्ये नेमकी 12 इंचांवर येते. ती त्यापुढे एक सोळांश इंचापेक्षा कमी सरकली असेल तर चेन अजून वापरण्याजोगी आहे. त्याहून जास्त, पण एक अष्टमांशापेक्षा कमी असेल तर फक्त चेन बदलून भागते. एक अष्टमांश किंवा त्याहून अधिक सरकली असेल, तर कॅसेटही तिच्यासोबत गेली असे समजावे. बाजारात चेन मोजण्याची छोटी पट्टीही मिळते. आठ ते दहा गिअरच्या सायकलींना तिच्यावरील 0.75 टक्क्यांची खूण आणि अकरा-बारा गिअरच्या सायकलींना 0.5 टक्क्यांची खूण लागू पडते.

आता माझा सल्ला थोडा दुकानाच्या विरोधात जाणारा आहे. नवीन चेन काढून ठेवा आणि जुनी चेनच परत चढवा. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींसोबत झिजलेल्या असल्यामुळे त्यांचे आपसांत अजून जमते, आणि उसळणे बहुधा लगेच थांबेल. भर पावसाळ्यात चिखलात नवी कॅसेट घालून तिचे आयुष्य कमी करण्यापेक्षा, जे संपलेच आहे ते दसऱ्यापर्यंत पूर्ण संपू द्यावे आणि खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा झाली की नवीन चेन व नवीन कॅसेट एकत्र बसवावी, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. सोबत नऊ गिअरची एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि चेन तोडायचे हत्यार मात्र जरूर बाळगा.

घाटमाथा_२९

पाना_पंधरा यांचे निदान मला पूर्ण मान्य आहे, उपाय मात्र अर्धाच मान्य आहे. जुनी चेन परत चढवली तर कॅसेटचे आणखी नुकसान होऊन फारसे बिघडत नाही, हे खरे; नऊ गिअरची कॅसेट बारा गिअरच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. परंतु तीच वाढलेली चेन पुढची चक्रेही खात राहते. आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या एमटीबींवर पुढची चक्रे क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) रिव्हेटने पक्की केलेली असतात, त्यामुळे चक्र झिजले की संपूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो, आणि तेव्हा वाचवलेले पैसे दुप्पट वेगाने जातात. म्हणून धागाकर्त्यांनी आधी आपली चक्रे बोल्टची आहेत की रिव्हेटची हे पाहावे. बोल्टची असतील तर दसऱ्यापर्यंत खुशाल चालवावे, रिव्हेटची असतील तर कॅसेट आत्ताच बदलावी.

पुढच्या चक्रांवर दात्यांची संख्या जास्त असते, त्यामुळे झीज वाटली जाते आणि ती सहसा कॅसेटच्या मागाहून जातात. दात्याची एक बाजू वाकडी होऊन तो आकड्यासारखा पुढे झुकलेला दिसला तर ते चक्र गेले. चिखलात लहान चक्रावर चेन दात्यातून सुटत नसेल आणि वर ओढली जाऊन फ्रेमच्या नळीला घासत असेल, तर तीही झिजल्याचीच खूण आहे.

कर्र आवाजाबद्दल दुकानाने थेट बीबीवर बोट ठेवले आहे, ते मला घाईचे वाटते. फ्रेमच्या नळ्यांतून आवाज फिरतो, त्यामुळे सीटपोस्टचा किंवा पॅडलचा आवाजही खालूनच आल्यासारखा वाटतो. उभे राहून पॅडल मारल्यावर आवाज थांबला तर दोष सीट किंवा सीटपोस्टचा आहे. तसे नसेल तर दोन्ही पॅडल काढा, आटे पुसून त्यांना ग्रीस लावा आणि पुन्हा घट्ट बसवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावल्याने अनेक क्रँक वाया गेल्या आहेत. पुढच्या चक्रांचे बोल्ट असतील तर तेही काढून, पुसून, ग्रीस लावून बसवा. एवढे करूनही आवाज राहिला तरच चेन चक्रावरून उतरवून क्रँक हाताने फिरवून पाहा. खरखर जाणवली किंवा क्रँक आडवी हलवल्यावर खेळ लागला तर बीबी बदलावी. आटे असलेल्या बीबीमध्ये उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तेवढे ध्यानात असू द्या.

आणि एक विनंती. मोटारसायकली धुण्याच्या सर्व्हिसिंग सेंटरमधला जोराचा फवारा सायकलवर कधीही मारू देऊ नका. त्या दाबाने पाणी हब (चाकाचा मध्यभाग), बीबी आणि हेडसेटच्या (हँडलखालच्या बेअरिंगच्या) सीलमधून आत शिरते, ग्रीस धुऊन निघते, आणि छर्रे गंजायला एक पावसाळा पुरतो. बादली, मऊ ब्रश आणि नळाचा साधा पाईप पुष्कळ झाला.

डिस्कवाली

ब्रेकबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. डिस्क ओली असताना ब्रेक ओरडणे हे बिघाडाचे लक्षण नाही. दोन-चार वेळा दाबून डिस्क सुकली आणि आवाज गेला तर काहीही बदलू नका. सुकल्यावरही आवाज राहत असेल आणि ब्रेक कमी लागत असेल तर डिस्कवर किंवा पॅडवर तेल गेले असण्याची शक्यता मोठी आहे. चेनवर स्प्रेने तेल मारताना त्याचा बारीक तुषार मागच्या डिस्कवर बसतो. माझ्या मते या आवाजाचे सर्वांत सामान्य कारण हेच, आणि म्हणूनच चेनला थेंबाथेंबाने तेल द्यावे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ होते. तेल प्यालेले पॅड घासून किंवा तापवून वाचवण्याचे प्रयोग लोक करतात, पण ते क्वचितच टिकतात; मी सरळ बदलते.

पॅड काढून पाहणे सोपे आहे. चाक काढा, कॅलिपरमधली (पॅड धरणाऱ्या भागातली) पिन किंवा बोल्ट सोडवा, पॅड बाहेर घ्या आणि धातूच्या पाठीवर उरलेला थर पाहा. शिमानोच्या पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला की ते बदलायचे, आणि नवी असताना 1.8 मिमी जाड असलेली त्यांची डिस्क 1.5 मिमीपर्यंत आली की तीही बदलायची. रेझिनचे पॅड शांत असतात, परंतु चिखलात भराभर झिजतात; घाटाचा लांब उतार आणि पाऊस एकत्र असेल तर धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात. मात्र काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिनचेच पॅड वापरावेत असे कोरलेले असते, ते आधी वाचावे. नवीन पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक होऊ न देता, वीसेक वेळा वेग कमी करावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. लिव्हर मऊ पडली म्हणून मोटारसायकलच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणून भरू नका. गॅरेजमध्ये मिळते ते डॉट 3 किंवा डॉट 4 असते, तर शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागते. चुकीचे तेल गेले तर आतली रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेकच बदलावा लागतो. कोणते तेल घालायचे ते बहुतेक वेळा लिव्हरवरच लिहिलेले असते.

मुरूमवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनी चेन जपून ठेवली होती, ती मोजली. चोविसावी पिन एक अष्टमांश इंचाच्या खुणेच्याही थोडी पुढे गेलेली आहे, त्यामुळे कॅसेटबद्दल शंका उरली नाही. पुढची चक्रे रिव्हेटची निघाली, आणि त्यांचे दाते अजून सरळ आहेत. म्हणून घाटमाथा_२९ यांच्या सल्ल्याप्रमाणे दसऱ्याची वाट न पाहता कॅसेट आताच बदलणार आहे. उजवे पॅडल काढून ग्रीस लावल्यावर कर्र आवाज पूर्ण बंद झाला, तेव्हा बीबीला हात लावलेला नाही. पॅडचा थर साधारण दीड मिलिमीटर आहे, आणि डिस्क अल्कोहोलने पुसल्यावर ब्रेकचा आवाज कोरड्या रस्त्यावर तरी थांबला.

आता दोन प्रश्न उरतात. कॅसेट आवळून धरणारी कडी, म्हणजे लॉकरिंग, काढण्याचे हत्यार इथे मिळाले, पण ते करताना कॅसेट धरून ठेवणारी चेन व्हिप मिळाली नाही. तिच्याशिवाय काम होईल का? आणि पावसाळ्यात नव्या चेनला कोणते तेल द्यावे?

पाना_पंधरा

रिव्हेटची चक्रे असतील तर आपला निर्णय योग्यच आहे, मी माझा सल्ला मागे घेतो.

चेन व्हिप घरी करता येते. लोखंडाची फूटभर लांबीची जाड पट्टी घ्या, तिच्या टोकाला दोन भोके पाडा आणि त्या वाढलेल्या जुन्या चेनचा वीतभर तुकडा एका भोकाला बोल्टने पक्का करा. कॅसेट धरायला झिजलेली चेनही चालते. दुसऱ्या भोकाजवळ दोन-तीन लिंका दात्यांत बसतील असा आणखी एक लहान तुकडा लावला की पकड सरकत नाही. या पट्टीने कॅसेट उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, धरून ठेवायची आणि लॉकरिंग डावीकडे फिरवायचे.

तेलाबाबत मतभेद आहेत आणि ते राहतील. मेणाचे कोरडे तेल उन्हाळ्यात धूळ कमी धरते, पण आपल्याकडच्या पावसात एका फेरीतच धुऊन जाते, म्हणून जून ते सप्टेंबर मी जाड, ओल्या हवामानासाठीचे तेलच वापरतो. इंजिन ऑइल टाळावे. ते जांभ्याचा बारीक लाल चुरा धरून ठेवते, आणि तो चुरा तेलात मिसळला की पिनांसाठी घासकाम करणारी लेईच तयार होते. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटे थांबणे, मग कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून काढणे, एवढे पुरे. तेलाची गरज आतल्या पिनेला असते, बाहेरच्या पट्टीला नव्हे.

घाटमाथा_२९

त्याला एक जोड देतो. शक्य असेल तर नव्या कॅसेटसोबत दोन चेन घ्या आणि दर काही आठवड्यांनी आलटून पालटून वापरा. दोन्ही चेन आणि कॅसेट मग जवळपास एकाच गतीने झिजतात आणि आत्तासारखी नव्या-जुन्याची गाठ पडत नाही. काळ्या चिकण मातीच्या शिवारवाटा पाऊस चालू असताना टाळाव्यात, कारण ती माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये थापली जाऊन डिरेलर ओढून घेते आणि हँगर मोडतो. त्या मानाने मुरमाचे रस्ते पावसातही बरे.

डिस्कवाली

कॅसेट बसवताना हबच्या खाचांपैकी एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, तिच्याशी चक्रांवरची खूण जुळवून घ्या, म्हणजे चक्रे आपोआप योग्य जागी बसतील. लॉकरिंगला सुरुवातीचे दोन-तीन आटे हातानेच लावा, तिरके बसले तर हबचे आटे जातात. शेवटी 40 न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे असते. आवळताना कटकट असा आवाज येईल. तो लॉकरिंगच्या आणि शेवटच्या चक्राच्या खाचा एकमेकींवरून सरकण्याचा आहे, घाबरून मध्येच थांबू नका.