मुलाच्या टाइप १ मधुमेहाबद्दल पेज चालवताना काय दाखवावं, काय झाकावं?

निळं_वर्तुळ

मूल ९ वर्षांचं, टाइप १ मधुमेह, दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर. शाळांना आणि नव्या पालकांना या आजाराची माहिती व्हावी म्हणून पेज चालवते. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला फार तर ४ तास मिळतात. मुलाचे फोटो आणि साखरेचे आलेख टाकताना नेमकं काय तपासावं? इनबॉक्समध्ये लोक थेट इन्सुलिनचे डोस विचारतात, त्यांना काय सांगावं? आणि संध्याकाळी फोन गप्प ठेवायचा म्हटलं तर सेन्सरचा अलार्मही त्याच फोनवर येतो. "सोशल मीडिया सोडून द्या" हा सल्ला सोडून बाकी सगळं चालेल.

पाटीपेन्सिल

अलार्मचं आधी, कारण तिथली चूक महागात पडते. अख्खा फोन सायलेंट करू नका. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपची नोटिफिकेशन एकेक करून बंद करा आणि सेन्सरचं अ‍ॅप तेवढं चालू ठेवा. डू नॉट डिस्टर्ब वापरायचंच असेल तर आयफोनवर त्या अ‍ॅपला क्रिटिकल अलर्टची परवानगी लागते, अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्ब ओलांडण्याची. परवानगी दिली म्हणजे झालं असं समजू नका. अ‍ॅपमधली मर्यादा थोडा वेळ सरकवून अलार्म मुद्दाम वाजवून बघा आणि मग मर्यादा पूर्ववत करा (हे शेवटचं लोक हमखास विसरतात). फोनचं किंवा अ‍ॅपचं अपडेट आलं की पुन्हा तपासा, परवानग्या कधीकधी उडतात.

बऱ्याच सेन्सरच्या अ‍ॅपमधून घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या फोनवरही आकडे जातात. मुलाच्या बाबांना किंवा आजीला जोडून घ्या आणि रात्री आळीपाळीने पहारा ठेवा. दोन्ही फोनवर इंटरनेट असेल तरच आकडा पोहोचतो, एवढं लक्षात असू द्या.

वेळेबद्दल: आठवड्यातून एकदाच सलग दीड तास बसून ३-४ पोस्ट लिहा आणि शेड्यूल करा, शक्यतो कॉम्प्युटरवरून. कमेंट बघायला दिवसाला २० मिनिटं, तीही मूल घरी नसताना किंवा झोपल्यावर. पोस्ट टाकल्यानंतरचा पहिला तास सर्वात जास्त खेचतो, म्हणून रात्रीच्या जेवणाच्या आधी पोस्ट पडेल असं शेड्यूल नकोच.

काचेपलीकडे

फोटोंचं सांगतो. चेहऱ्यावर इमोजी चिकटवला की काम झालं असं वाटतं, पण ओळख पटते ती बाकीच्या गोष्टींवरून: गणवेशावरचं बोधचिन्ह, पाण्याच्या बाटलीवरचं नावाचं स्टिकर, गळ्यातलं ओळखपत्र, प्रिस्क्रिप्शनवरचा रुग्णालयाचा शिक्का आणि फाइल नंबर, सेन्सरच्या खोक्यावरचा बारकोड आणि सिरियल नंबर, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत. फोटो मोठा करून चारही कोपरे बघा. नाव झाकायचं तर धूसर करू नका, अपारदर्शक पट्टी मारा किंवा कापून टाका. फोनमधल्या हायलाइटर पेनने रंगवलेली अक्षरं ब्राइटनेस वाढवली की पुन्हा वाचता येतात.

आलेखाचा स्क्रीनशॉट निरुपद्रवी दिसतो, पण तो मुलाची दिनचर्याच असते: केव्हा उठतो, केव्हा खातो, मैदानावर केव्हा असतो. वेळेचा अक्ष कापा. नाहीतर हाताने साधा आलेख काढून टाका, वाचणाऱ्यालाही तो जास्त समजतो.

कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. चांगल्या दर्जाचा फोटो पाठवायच्या नादात इथेच घोटाळा होतो. शिबिराचे वगैरे फोटो घरी परतल्यावरच टाका.

जुन्या पोस्टचा ढीग एका बैठकीत उपसत बसू नका. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात, पण ही सोय वैयक्तिक प्रोफाइलला आहे, पेजला नाही. पेजवरच्या पोस्ट मात्र एकेक बघाव्या लागतील. दुसऱ्याने टाकलेल्या फोटोतला टॅग काढलात तर टॅगच जातो, फोटो तिथेच राहतो. तो त्यालाच काढायला सांगावं लागतं.

इन्सुलिनची_वही

डोस सांगायचाच नाही, "अंदाजे"सुद्धा नाही. एक युनिट किती कर्बोदकांना पुरतं आणि साखर किती उतरवतं, हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि एकाच मुलाचं सकाळी वेगळं, रात्री वेगळं. दोन तयार उत्तरं जपून ठेवा. पहिलं: "डोस तुमच्या डॉक्टरांच्या टीमलाच विचारा. फोन करताना शेवटची साखर, शेवटचा डोस, तो कधी दिला आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) किती, हे चार आकडे हाताशी ठेवा." दुसरं तातडीचं: उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही असेल तर "चॅट थांबवा, आत्ताच रुग्णालयात जा." तिथे प्रश्नोत्तरं सुरू केलीत तर तुम्हीच त्यांचा वेळ खाता.

साखर ७० मिग्रॅ/डेलीच्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम जलद साखर आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, ही माहिती पिन करून ठेवायला हरकत नाही. सोबत दोन ओळी हव्यातच: लहान मुलांना प्रमाण कमी लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (साखर चढवणारं तातडीचं औषध) असेल तर द्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

"गोड फार खाल्लं असेल" या कमेंटला पन्नासदा उत्तर देऊ नका. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते, ही एक कमेंट वर पिन करा आणि सोडून द्या. "इन्सुलिन बंद करा, आमचा काढा घ्या" मात्र दिसताक्षणी उडवा. फेसबुकवर नुसती लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यातल्या कुणी खरंच इन्सुलिन थांबवलं तर तासांचा खेळ असतो.

चौथा_बाक

@काचेपलीकडे, बाकी पटलं, पण हाताने काढलेल्या आलेखांवर पेज चालत नाही. नव्याने निदान झालेल्या मुलाला सेन्सर लावलेलं हसतं-खेळतं मूल दिसणं गरजेचं असतं. दंड, पाठ, पळणारे पाय दाखवा. रडणं, सुई टोचतानाचा चेहरा, साखर उतरल्यावरची अवस्था कधीच नको.

आणि मुलाला विचारा. वर्षातून एकदा "चालेल ना?" विचारलं म्हणजे संमती होत नाही. प्रत्येक पोस्ट मजकुरासकट दाखवा आणि विचारा, "वर्गातलं कुणी हे पाहिलेलं तुला आवडणार नाही?" ९ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न नीट कळतो. पोस्ट नको म्हणालं तर कारण मागू नका. खाजगीपणाचा हक्क बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारातही, कलम १६ मध्ये, मुलाचा स्वतःचा म्हणून लिहिलेला आहे.

दुसरं, पोस्टने शाळेचा नियम बदलत नाही, पत्राने बदलतो. एक पान, मुख्याध्यापकांच्या नावे: वर्गातच साखर तपासायची परवानगी, दप्तरात ग्लुकोज, पाणी आणि शौचालयाला न अडवणं, परीक्षेत सेन्सरचा रिसीव्हर किंवा फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर (ब्लूटूथचा पल्ला ६ मीटरच धरा), आणि साखर उतरल्यावर काय करायचं हे शिकलेले किमान दोन शिक्षक. एकच शिकवला तर तो नेमका त्याच दिवशी रजेवर असतो. उत्तराची तारीख मागा. पेजवर शाळेचं नाव न घेता पत्राचा नमुना टाका, इतर पालक उचलतील. १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाला परिपाठात १० मिनिटं हवी असतील तर महिनाभर आधी मागा.

निळं_वर्तुळ

पत्राचा नमुना या आठवड्यात लिहिते. एक राहिलं: आजी-आजोबा कौटुंबिक ग्रुपमधले फोटो पुढे पाठवतात.

काचेपलीकडे

ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज ७ दिवसांवर लावा आणि मुलाचे फोटो 'एकदाच पाहा' करून पाठवा, ते फॉरवर्ड होत नाहीत. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला तर इलाज नाही. आजींना छापील फोटो द्या.